बायबल वाचताना भाष्यग्रंथ हवाच का?

हवाच असं नाही, पण हाताशी असलेला बरा. फक्त क्रम चुकवू नका: आधी उतारा स्वतः दोनदा वाचा, मग भाष्य उघडा. नाहीतर भाष्यकाराच्याच डोक्याने वाचत बसाल. जमलं तर एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट अशी दोन घ्या.

आमच्या मालवणकडचं उदाहरण देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात जाळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा आहे. सगळ्या प्रकारचे मासे येतात, जाळं किनाऱ्यावर ओढतात, मग बसून चांगले भांड्यांत भरतात, वाईट टाकून देतात. मराठीत नुसतंच ‘जाळे’. भाष्यात पाहिलं तर मूळ ग्रीक शब्द ‘सागेने’, म्हणजे किनाऱ्याकडे ओढायचं लांबलचक जाळं. अहो, ही तर आमची रापण! चौथ्या अध्यायात पेत्र आणि अंद्रिया हे येशूचे पुढचे शिष्य टाकतात ते वेगळं, फेकायचं जाळं, आपला पाग. रापणीत ओढताना निवडानिवड होत नाही, सगळं वाळूवर आल्यावर होते. दाखल्याचा भर नेमका तिथेच आहे, माणसांचा निवाडाही शेवटीच होणार, आणि तो मला त्या एका शब्दामुळे दिसला.

योहानाच्या शुभवर्तमानात २१व्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात आलेल्या १५३ माशांवर मात्र भाष्यकार सुटतात. जेरोम म्हणतो, माशांच्या जातीच तेवढ्या. ऑगस्टीन १ ते १७ची बेरीज काढतो (बरोबर येते, करून बघा). मला विचाराल तर वाटे घालायचे होते, म्हणून कुणीतरी मोजले.