व्हॅन घेऊन वेंगुर्ल्यापर्यंत

प्रश्न : डिसेंबरात कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे समुद्राच्या कडेकडेने वेंगुर्ल्याला जाणार आहोत. हाताशी ८ दिवस आहेत. रोज दीडशे किलोमीटर आणि रात्री आवडेल त्या किनाऱ्यावर व्हॅन लावून मुक्काम, असा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जमेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : जमेल, पण दीडशे किलोमीटरचं गणित आधी खोडा. पनवेल-पेणमार्गे अलिबाग गाठलंत की पुढचा हिशेब खाड्यांचा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, अशा चार जंगल जेट्ट्या, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी, रत्नागिरीच्या आधीच लागतात. एखादी चुकवायची म्हटलं तर वळसा केवढा? दाभोळची फेरी सोडलीत तर खेड-चिपळूण करून गुहागरला यायचं. अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. रत्नागिरीच्या पुढे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथे पूल आहेत, तिथून चाकं जरा मोकळी होतात. म्हणून पहिले पाच दिवस रत्नागिरीपर्यंत ठेवा आणि एका दिवसात दोनापेक्षा जास्त फेऱ्या धरू नका. नाताळाच्या सुट्टीत निघत असाल तर एकच धरा. तेव्हा अख्खं ठाणे आणि नवी मुंबई त्याच धक्क्यावर उभी असते.

फेरीला आदल्या संध्याकाळी फोन करून व्हॅनची लांबी सांगा आणि ओहोटी कधी आहे ते विचारा. ओहोटीला बोट खाली बसते, धक्क्याचा उतार लांबतो आणि लांब व्हॅनचं मागचं बूड घासतं. माणसं उतरवून, हळू, तिरकं न घेता चढवायची.

केळशी-आंजर्ल्याकडे वेगळीच गंमत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर पोफळी आणि विजेच्या तारा. समोरून एसटी आली की मागे कुणी जायचं हा प्रश्नच नसतो, तुम्हीच. व्हॅनची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. नवऱ्याला पाठ आहे म्हणाले तरी चिकटवा.

आता मुक्काम. किनाऱ्यावर नको. वाळूत चाक रुतलं आणि भरती लागली की ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कालच्या रेषेवरही थांबत नाही. शिवाय वेळास-आंजर्ल्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, रात्री दिव्यांचा झोत त्यांना बिथरवतो. त्यापेक्षा घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या घरी अंगण मागा. रीतसर पैसे द्या, पंधरा अँपिअरचा प्लग मिळतो का बघा. तो मिळाला तरच रात्रभर एसीचा विचार करा. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची हेही तिथेच विचारा. खाडीत ओतू नका, आणि टाकीत रसायन असेल तर मालकाला न सांगता त्यांच्या शोषखड्ड्यातही नको.

त्याच घरात सासूबाईंसाठी एक खोली घ्या. व्हॅनची पायरी उंच, आतलं संडास अरुंद. दुखऱ्या गुडघ्यांची माणसं रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. खोली आधीच ठरली की त्यांना मागावी लागत नाही. दिवसा त्या चालकाशेजारी बसतील, पाय पसरायला तिथेच जागा. आरे-वारेचा घाटही तिथूनच छान दिसतो.

व्हॅनमध्ये जेवण जरूर करा, पण गॅस चालू असताना खिडकी उघडी हवी आणि निजताना सिलिंडरचा नॉब बंद. ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

आगाऊ पैसे देण्याआधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढरी पाटी दिसली तर कितीही सुरेख पडदे लावलेले असोत, परत फिरा.

प्रश्न : घरच्या जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून घेतला तर?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सुताराआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पुस्तक उघडते. फक्त गादी हवी असेल तर सुटी गादी घ्या, मागची सीट दुमडा आणि निघा.