थेरपी सुरू केली आणि त्रास वाढला, आता काय?

प्रश्न: ताई, माझं वय ३६, सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. लहानपणी वडील रोज पिऊन यायचे, आईला मारायचे, कधीकधी आम्हा बहिणींनाही. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, नवरा शांत स्वभावाचा आहे, तरी तो फोनवर कुणाशी जरा आवाज चढवून बोलला की माझे हातपाय गार पडतात, आणि संध्याकाळी सात-साडेसातला काही कारण नसताना पोटात गोळा येतो. मैत्रिणीच्या सांगण्यावरून थेरपी सुरू केली, पाच-सहा सेशन झालेत. पण आता झोपच उडालीये, जुनी स्वप्नं परत पडतायत, सेशनच्या दिवशी मुलांवर उगाच ओरडते. आई म्हणते, गेलेल्या माणसाचं काय उकरत बसलीस. मलाही वाटतंय बंद करावं. (नाव छापू नका)

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलं नाहीये पण माझा अंदाज आहे की वडील साधारण सात-साडेसातलाच घरी यायचे, बरोबर? म्हणजे पोटातला गोळा अगदीच विनाकारण नाहीये, घड्याळात ती वेळ झाली की शरीर अजूनही दाराकडे कान लावून बसतं. वडील गेले हे तुम्हाला पक्कं माहितीये, पण मेंदूचा जो भाग धोका ओळखतो तो असल्या माहितीसाठी थांबत नाही, आवाज चढला की आधी हातपाय गार आणि मग विचार, असा त्याचा क्रम असतो.

आता त्रास का वाढला. इतकी वर्षं जे दाबून ठेवून तुम्ही शिकलात, नोकरी केली, संसार केला, ते थोडं मोकळं झालं की सुरुवातीला जास्त टोचतं, दबून बधिर झालेला पाय मोकळा केला की आधी मुंग्याच येतात ना. त्यामुळे सेशननंतर एक-दोन दिवस जड जाणं, स्वप्नं पडणं हे बऱ्याच जणांना होतं आणि ते ओसरतंही. पण (आणि हा पण महत्त्वाचा आहे) प्रत्येक सेशननंतर त्रास आधीपेक्षा वाढतच चाललाय, झोप सलग जातेय, शाळेत उभं राहवत नाहीये असं असेल तर "बरं होताना असं होतंच" म्हणून दात ओठ खाऊन सहन करायचं नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ वेग जास्त झालाय एवढाच असतो.

ट्रॉमावर, म्हणजे मनावर झालेल्या खोल आघातावर काम करणाऱ्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली तीन टप्पे मांडले. आधी आजच्या आयुष्यात सुरक्षित वाटणं, मग आठवणींवर काम आणि त्यांचं दुःख करणं, आणि मग पुन्हा माणसांत, रोजच्या जगण्यात मिसळणं. सगळ्या पद्धती याच क्रमाने जातात असं नाही, काहींमध्ये थेट आठवणीलाच लवकर हात घालतात आणि त्याचाही चांगला उपयोग होतो, पण तिथेसुद्धा आपण हे का करतोय, घाबरायला झालं तर काय करायचं हे तुम्हाला आधी समजावून सांगायला हवं. तुम्हाला कुणी सांगितलंय का? नसेल तर पुढच्या सेशनला गेल्या गेल्या, इतर काहीही बोलायच्या आधी, झोप-स्वप्नं-मुलांवरचं ओरडणं सगळं सांगा आणि सरळ विचारा की आपला प्लॅन काय आहे, थोडं हळू जाता येईल का. चांगली थेरपिस्ट याने दुखावत नाही, उलट तिला हे कळायलाच हवं असतं. आणि ती दुखावलीच तर तेव्हा बदला, पण आत्ता न सांगता नुसतं जाणं बंद करू नका.

अजून एक भीती तुमच्या मनात असू शकते, की सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावं लागणार. तसं काही नाही. ईएमडीआर नावाची पद्धत आहे, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली, त्यात प्रसंग मनात आणायचा आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांमागे नजर फिरवायची असं असतं, प्रत्येक तपशील तोंडाने बोलावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर बराच काळ टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) ज्या उपचारांची शिफारस केली त्यात ही आणि ट्रॉमावर लक्ष ठेवून केलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी), दोन्ही आहेत. तुमच्यासारखा वर्षानुवर्षं घरातच चाललेला त्रास असेल तर त्यातून होणाऱ्या आजाराला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नाव आयसीडी ११ मध्ये, म्हणजे याच संघटनेच्या आजारांच्या यादीत दिलंय, ती २०२२ पासून लागू आहे. पण प्लीज हे वाचून स्वतःच निदान करून मोकळ्या होऊ नका, थेरपिस्टला विचारा.

तोवर दोन साध्या गोष्टी. सेशन शाळेच्या दिवशी संध्याकाळी असेल तर शनिवारी दुपारी घ्या, म्हणजे घरी येऊन लगेच डबे-गृहपाठ नाही. हातपाय गार पडले की दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, आजची तारीख, हे कुणाचं घर, समोर काय काय दिसतंय ते मोठ्याने म्हणा, वेड्यासारखं वाटेल पण म्हणा. आणि मुलांना त्याच रात्री सांगा की आई चिडली त्यात तुमची चूक नव्हती. तुम्हाला लहानपणी हे वाक्य कुणी म्हटलं नसेल.

आईंशी वाद घालू नका. मार त्यांनीही खाल्लाय, आणि जाऊ दे म्हणत म्हणतच त्यांनी घर ओढलंय, आता मुलगी ते सगळं उघडतेय म्हटल्यावर भीती वाटणारच. सेशनमधलं त्यांना सांगायची गरज नाही.

प्रश्न: मी २४ वर्षांचा, पुण्यात जॉब करतो. लहानपणी एका नातेवाईकाने माझ्यासोबत नको ते केलं. काउन्सेलर म्हणतात त्यांना माफ केल्याशिवाय तू पुढे जाऊच शकणार नाहीस. मला जमत नाहीये. माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर: नाही. माफ करणं ही बरं होण्याची अट नाही, कुठल्याही चांगल्या ट्रॉमा थेरपीत ती तशी ठेवत नाहीत. तुला कधी वाटलं तर कर, नाही वाटलं तर आयुष्यभर नको करू, दोन्हीत तू बरा होऊ शकतोस. हे त्या काउन्सेलरला एकदा स्पष्ट सांगून बघ, तरी तेच चालू राहिलं तर दुसरी व्यक्ती शोध. शोधताना शिक्षण, ट्रॉमाचा अनुभव विचारायला लाजू नकोस, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचार. नुसती काउन्सेलर अशी पाटी लावलेली सगळीच माणसं सारखी शिकलेली नसतात. आणि मुलग्यांच्या बाबतीत असं घडत नाही असं कुणी म्हटलं तर तिथून उठूनच ये.

प्रश्न: हिंगोलीकडे राहतो. बहीण सासरच्या छळाला कंटाळून माहेरी आलीये, सहा महिने झाले, बोलत नाही, रात्री दचकून उठते. इकडे थेरपिस्ट नाही, ऑनलाइनवाले एका तासाचे हजार-बाराशे सांगतात, परवडत नाही.

उत्तर: दादा, १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. बहीण बोलायला तयार नसेल तर पहिला फोन तुम्हीच लावा, घरच्यांनी काय करावं हेही विचारता येतं. तिने कधी मरणाचा विषय काढला तर मात्र वाट बघू नका, तिला एकटं सोडू नका, लगेच हाच नंबर नाहीतर थेट दवाखाना. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिचे वार विचारून जा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर झोपेपुरता आधार मिळतो, त्यात कमीपणा नाही, फक्त मनाने सुरू-बंद करायच्या नाहीत. छळाचा भाग आहे म्हणून बायकांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटरही बघा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की पत्ता मिळतो, तिथे समुपदेशन आणि कायद्याची मदत दोन्ही मोफत असते. गावात कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय.

घरात मात्र रोज "सांग ना काय झालं" चालू असेल तर ते आजपासून थांबवा. ती बोलेल तेव्हा ऐका. आणि कुठे न्यायचं, कधी न्यायचं, बरोबर कोणी यायचं हे तिला विचारून ठरवा, सासरी तिला काहीच ठरवू दिलं नसणार.