कॉफीच्या मळ्याचे कुंपण आणि कुंपणापलीकडचे रान

कॉफीच्या मळ्याभोवतीचे रान, देवराया आणि शेजारचे मळे यांचा फळधारणेवर व किडींवर काय परिणाम होतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो आणि कोडगूत (कूर्गमध्ये) रोबस्टा जातीच्या कॉफीचा लहान मळा घेण्याच्या विचारात आहोत. पाहिलेल्या दोन मळ्यांपैकी एकाला देवराई लागून आहे. दुसऱ्याची जमीन सपाट आहे, पण त्याच्या चहूबाजूंना कॉफीच आहे. देवराईला किती महत्त्व द्यावे?

बरेच द्यावे. रोबस्टाच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही; वेगळ्या आनुवंशिक गुणांच्या दुसऱ्या झाडाचा पराग फुलावर यावा लागतो. त्यातला काही वारा आणतो, परंतु मधमाश्या आल्या तर फळधारणा स्पष्टपणे वाढते. कोडगूत हे काम प्रामुख्याने आग्या माशी करते, आणि सातेरी व डंखरहित माश्या तिच्या जोडीला असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाची पहिली सर आली किंवा तुषार सिंचन केले, की आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा होतो आणि दोन-तीन दिवसांत फुले कोमेजू लागतात. वर्षभराचे पीक बहुतांशी त्या मोजक्या दिवसांत ठरते.

आग्या माशी पेटीत राहत नाही. पोळे बांधायला तिला उंच, जुने झाड किंवा कडा लागतो आणि कॉफीचा फुलोरा संपल्यावर खायला दुसरी फुले लागतात. देवराई या दोन्ही गरजा भागवते. कोडगूत अशा हजाराहून अधिक देवराया नोंदलेल्या आहेत, तेथे त्यांना देवरकाडु म्हणतात, आणि त्यांतल्या अनेक अगदी लहान असूनही उपयोगाच्या आहेत. दुसऱ्या मळ्याची अडचण अशी, की चहूकडची कॉफी एकाच सरीने एकाच दिवशी फुलली तर असलेल्या माश्या सगळीकडे वाटल्या जातात. सिंचनाची सोय असेल तर शेजाऱ्यांच्या चार दिवस आधी पाणी देऊन फुलोरा पुढेमागे करता येतो. मात्र त्यासाठी पाण्याची खात्री हवी. पहिल्या मळ्याविषयी एकच चौकशी अवश्य करा : त्या बाजूने हत्ती येतात का? कोडगूत हा प्रश्न गंभीर आहे आणि तो खरेदीपूर्वी शेजाऱ्यांनाच विचारलेला बरा.

प्रश्न : कॉफीची दुसरी जात, अरेबिका, स्वपरागित आहे असे वाचले. मग तिला माश्यांची गरज काय?

गरज कमी असते, परंतु असते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या अरेबिकाच्या मळ्यांत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जेथे माश्यांच्या तीनच जाती येत होत्या तेथे सुमारे ६० टक्के फुलांना फळ धरले आणि जेथे वीस किंवा अधिक जाती होत्या तेथे सुमारे ९० टक्के. येथे माश्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जातींचे वैविध्य निर्णायक ठरले.

कोस्टा रिकातील फिंका सांता फे या मळ्यावरचे काम याहून प्रसिद्ध आहे. टेलर रिकेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की रानापासून सुमारे एक किलोमीटरच्या आतल्या कॉफीचे उत्पादन २० टक्क्यांनी अधिक होते आणि पीबेरीचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते. कॉफीच्या फळात एरवी एकमेकींना चिकटून दोन चपट्या बिया असतात. त्यांतली एक धरलीच नाही तर उरलेली एकटी बी गोल होते, ती पीबेरी. काही ग्राहक ती आवडीने विकत घेतात, पण मळेवाल्याच्या दृष्टीने ते अपुऱ्या परागीभवनाचे लक्षण असू शकते. ४६ आणि १११ हेक्टरांच्या दोन रानांमुळे त्या एका मळ्याला वर्षाला सुमारे ६०,००० डॉलरचा लाभ होत असल्याचा हिशेब त्यांनी मांडला. पुढे कॉफीचे भाव पडले आणि त्या मळ्यातली कॉफी काढून अननस लावण्यात आला. अननसाच्या फळाला परागीभवन लागत नाही. रान तेच, माश्या त्याच, आणि हिशेबातली रक्कम मात्र शून्यावर आली. म्हणून रानाचे मोल एकाच पिकाच्या बाजारभावाला बांधणे मला फार धोक्याचे वाटते.

प्रश्न : जवळ जंगल असले की कीड वाढते, असे आमच्याकडचे जुने मळेवाले सांगतात. यात तथ्य आहे का?

कोणती कीड, यावर उत्तर अवलंबून आहे. फळ पोखरणारा भुंगेरा घ्या. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला. जेमतेम दीड मिलिमीटरची काळी मादी फळाच्या टोकाशी, जेथे फुलाचा वण असतो, तेथे टाचणीने टोचल्यासारखे भोक पाडून आत शिरते आणि बीतच अंडी घालते. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. ती उघड्यावर असते तो थोडाच वेळ, आणि तोच पक्ष्यांचा वेळ.

कोस्टा रिकात डॅनियल कार्प आणि सहकाऱ्यांनी जाळ्या लावून काही झाडे पक्ष्यांपासून झाकली, काही मोकळी ठेवली. २०१३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार पक्ष्यांमुळे प्रादुर्भाव जवळपास निम्म्यावर आला आणि हेक्टरी ७५ ते ३१० डॉलरचे नुकसान टळले. भुंगेरे खाणारे पक्षी अधिक रान असलेल्या मळ्यांत जास्त होते, आणि हे काम कोणतेही संरक्षण नसलेले रानाचे लहान तुकडेही करत असावेत, असे त्यांना दिसले. तरीही पक्ष्यांच्या भरवशावर तोडणीनंतर झाडावर राहिलेली व खाली पडलेली फळे वेचणे सोडू नका, कारण पुढच्या हंगामाची कीड त्याच फळांत टिकून राहते.

अरेबिकाच्या खोडकिड्याला ऊन आवडते. सावली विरळ केली की तो बळावतो, म्हणून येथे झाडे तोडणे हाच अपाय आहे. मुंग्यांबाबत मात्र जुन्या मळेवाल्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडता येत नाही : पिठ्या ढेकणांच्या गोड स्रावासाठी काही मुंग्या त्यांना जपतात आणि ती कीड वाढते.

प्रश्न : चिखलदऱ्याजवळ आम्ही थोडी अरेबिका लावली आहे. सातेरीच्या पेट्या ठेवल्या तर पुरे होईल का?

पेट्या ठेवा, पण त्या रानाची जागा घेणार नाहीत. एकाच जातीवर विसंबलेल्या मळ्याला त्या जातीच्या वाईट वर्षाचा फटका पूर्ण बसतो. शिवाय कॉफीचा फुलोरा आठवड्याभरात संपतो, वसाहतीला मात्र वर्षभर खावे लागते. पळस, पांगारा आणि सावर फुलोऱ्याच्या सुमारास असतातच. त्यानंतरच्या दिवसांसाठी बांधावर करंज आणि जांभूळ वाढवा. फुले उमलली असताना कीटकनाशक अजिबात फवारू नका.

माश्या खरोखर कमी पडत आहेत का, हे तपासण्याची सोपी रीत आहे. कळ्या फुटण्यापूर्वी निरनिराळ्या झाडांवरच्या काही फांद्यांना बारीक जाळीची पिशवी बांधा, त्याच झाडांवरच्या तितक्याच फांद्या मोकळ्या ठेवा आणि काही फांद्यांवरच्या फुलांना दुसऱ्या झाडाचा पराग मऊ कुंचल्याने स्वतः लावा. सर्व फांद्यांवरची फुले मोजून ठेवा, फुले गळताच पिशव्या काढा आणि फळे पुरती दिसू लागली की पुन्हा मोजा. कुंचल्याच्या फांद्या मोकळ्या फांद्यांपेक्षा बऱ्याच पुढे असतील तर तुमच्याकडे माश्या कमी पडत आहेत. दोन्ही सारख्याच असतील तर पेट्यांवर खर्च करण्याआधी पाणी आणि सावली तपासा.