लॅटिनचं व्याकरण : 'ने' आणि 'ला' कुठे अडवतात?

(लॅटिन शब्द देवनागरीत दिले आहेत. 'पुएल्ल' म्हणजे मुलगी. यातला शेवटचा अ ह्रस्व आहे, पण तो गिळायचा नाही. पाय मोडलेलं अक्षर मात्र हलन्तच वाचायचं.)

प्रश्न : 'मुलीने गुलाब पाहिला' याचं लॅटिन मी 'पुएल्ला रोस वीदित्' असं केलं. विभक्ती जुळवूनच लिहिलं होतं, तरी दोन्ही नामं चुकली. असं का?

मराठी विभक्ती जशाच्या तशा उचलल्या म्हणून. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की मराठीत कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्मामागे जातं. म्हणून गुलाब 'पाहिला', पण फुलं 'पाहिली'. लॅटिनमध्ये असा प्रयोग नाही. काळ कोणताही असो, कर्ता प्रथमेत, कर्म द्वितीयेत आणि क्रियापदाचा प्रत्यय कर्त्याप्रमाणे. बरोबर वाक्य : 'पुएल्ल रोसम् वीदित्'. मुली अनेक असतील तर 'पुएल्लै रोसम् वीदेरुन्त्'. गुलाब वाढले तर 'रोसास्' होईल, पण क्रियापद तसंच राहील.

यावर साधा उपाय आहे. मराठी वाक्य आधी वर्तमानकाळात म्हणा : 'मुलगी गुलाब पाहते'. 'ने' गळून पडतो आणि कर्ता उघडा होतो. त्याच्यावर खूण करा, नामं लिहा आणि क्रियापदाचा काळ सगळ्यात शेवटी बदला.

तुम्ही लिहिलेलं 'पुएल्ला' हे दीर्घान्त रूप पंचमीचं आहे. लॅटिनची पंचमी आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमीचं बरंचसं काम एकटीच करते. 'तलवारीने' म्हणायला नुसतं 'ग्लदिओ' पुरतं. पण कर्मणी प्रयोगात 'मुलीकडून' म्हणायचं असेल, तर आधी 'आ' हे शब्दयोगी अव्यय हवं : 'रोस आ पुएल्ला वीस एस्त्'. साधनाला अव्यय नको, कर्त्या माणसाला हवं. सुरुवातीच्या वह्यांमध्ये हा फरक सर्रास सुटलेला दिसतो.

प्रश्न : 'ला' दिसला की द्वितीया की चतुर्थी, हे कसं ठरवायचं?

मराठीत दोन्ही विभक्तींचे प्रत्यय सारखेच असल्यामुळे प्रत्ययावरून ठरत नाही, अर्थावरून ठरवावं लागतं. 'मुलाला पाहतो' यात मुलगा हेच कर्म, म्हणून द्वितीया : 'पुएरुम् विदेओ'. 'मुलाला पुस्तक देतो' यात कर्म पुस्तक आहे आणि मुलगा घेणारा, म्हणून चतुर्थी : 'पुएरो लिब्रुम् दो'. वाक्यात 'काय?' असं विचारून पाहा. त्याला वेगळं उत्तर मिळालं, तर 'ला' बहुधा चतुर्थीचा.

याची उलट बाजूही आहे. निर्जीव कर्माला मराठीत बहुतेक वेळा प्रत्ययच नसतो (गुलाब पाहते, पुस्तक देतो). लॅटिनला मात्र तिथे द्वितीया लागतेच. 'रोसम्'मधला म् गाळला की कर्माचा कर्ता होतो.

तिसरा 'ला' गावाचा. 'रोमला जातो' हे 'रोमम् एओ' : शहराच्या नावाला नुसती द्वितीया, अव्यय नाही. 'शहरात जातो' म्हणताना मात्र 'इन् उर्बेम्'. शहरात आधीच असाल तर 'इन् उर्बे', म्हणजे पंचमी.

काही क्रियापदं हट्टाने चतुर्थीच घेतात : 'पारेओ' (आज्ञा पाळणे), 'नोकेओ' (इजा करणे), 'क्रेदो' (विश्वास ठेवणे). ही पाठच करावी लागतात. त्या बदल्यात एक गोष्ट मराठी माणसाला फुकट मिळते. 'मला दोन भाऊ आहेत' हे लॅटिनमध्ये अगदी याच घडणीचं आहे : 'मिहि दुओ फ्रात्रेस् सुन्त्'. 'मला आवडतं' हे 'मिहि प्लकेत्'. इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्याला ही रचना समजावून घ्यावी लागते. तुम्ही सरळ मराठीतून जा.

प्रश्न : शब्दकोशात प्रत्येक नामाची दोन रूपं असतात. दुसरं पाठ करणं खरंच गरजेचं आहे का?

हो, आणि खरं तर तेच जास्त महत्त्वाचं. दुसरं रूप षष्ठी एकवचनाचं असतं. नाम पाच गटांपैकी कोणत्या गटात चालतं, हे त्याच्या शेवटावरून कळतं : -ऐ पहिला, -ई दुसरा, -इस् तिसरा, -ऊस् चौथा, -एई पाचवा. प्रथमेवर विसंबलात तर फसाल. 'सेर्वुस्' (गुलाम), 'कोर्पुस्' (शरीर) आणि 'मनुस्' (हात) दिसायला एका माळेतले, पण षष्ठी 'सेर्वी', 'कोर्पोरिस्' आणि 'मनूस्'. म्हणजे तीन वेगळे गट.

षष्ठीचा प्रत्यय काढला की मूळ अंग हाती येतं. राजा 'रेक्स्', षष्ठी 'रेगिस्', अंग 'रेग्-'. म्हणून 'राजाला पाहतो' म्हणताना 'रेगेम्', 'रेक्सेम्' नव्हे. आपण 'भाऊला' न म्हणता 'भावाला' म्हणतो, म्हणजे प्रत्ययाआधी सामान्यरूप करतो, तसाच हा प्रकार.

वहीत प्रत्येक नामाशेजारी तीन गोष्टी लिहा : प्रथमा, षष्ठी, लिंग. रोज दहा नामं पुरेत. मात्र ती मोठ्याने म्हणा.

प्रश्न : 'चांगला खलाशी' हे 'नौत बोनुस्' का? 'बोन' का नाही?

विशेषण नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती पाहतं, शेवटचा ध्वनी नाही. 'नौत' पहिल्या गटात चालत असलं तरी पुल्लिंगी आहे. 'कवी' ईकारान्त असूनही आपण 'चांगली कवी' म्हणत नाही.

प्रश्न : वसईच्या चर्चमधल्या गायनात 'चेलुम्', 'रेजिना' ऐकलं आहे. वर्गात 'कैलुम्', 'रेगीन' शिकवतात. कोणतं खरं?

दोन्ही रूढ आहेत. पहिला उच्चार चर्चचा, इटालियन वळणाचा. दुसरा प्राचीन रोमचा, त्यात क आणि ग कुठेही बदलत नाहीत. गायनवृंदात असाल तर तिथे पहिला, व्याकरणासाठी दुसरा. एकाच वाचनात मिसळू नका.

व्याकरणासाठी दुसरा अशासाठी, की त्यात ह्रस्व-दीर्घ पाळले जातात आणि अर्थ त्यावर फिरतो. इथे देवनागरीची मदत अर्धीच होते. अ-आ, इ-ई, उ-ऊ वेगळे दाखवता येतात, पण ए आणि ओ यांना आपल्याकडे ह्रस्व चिन्ह नाही. 'वेनित्'मधला ए ह्रस्व असेल तर 'येतो', दीर्घ असेल तर 'आला'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून वहीत लॅटिन रोमन लिपीतच लिहा आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ पहिल्या दिवसापासून द्या.