पडद्यावरचे समुपदेशन पुरेसे ठरते का?

प्रश्न : माझ्या मुलीला सतत चिंता वाटते, झोप लागत नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावातून दर आठवड्याला बेळगावला जाणे जमत नाही. ऑनलाइन समुपदेशनाचा प्रत्यक्ष भेटीइतका उपयोग होईल का?

उत्तर : ताई, सौम्य ते मध्यम चिंता व नैराश्य यांमध्ये व्हिडिओद्वारे केलेल्या उपचारांचा परिणाम प्रत्यक्ष भेटींच्या जवळपास बरोबरीचा असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय आपल्या सीमाभागात, मनातले दुःख मायबोलीतून सांगता यावे म्हणून कोल्हापूर-पुण्याचा समुपदेशकही घरबसल्या मिळतो, ही मोठीच सोय आहे. मला काळजी वाटते ती घरातल्या एकांताची. दारापलीकडे कोणी ऐकत आहे असे वाटले, तर मुलगी मुख्य गोष्ट बोलणारच नाही. तेवढा वेळ कृपया आपणही त्या खोलीपासून दूर राहावे. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, भास किंवा अन्नपाणी सुटणे अशी लक्षणे असतील, तर पडद्यावर मुळीच विसंबू नये. तिला बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत प्रत्यक्ष न्यावे. तातडीने बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास विनामूल्य आहे.