वर्षाचे धान्य भरावे की महिन्याचे वाणसामान आणावे?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण आहोत. दर महिन्याला मोठ्या दुकानातून सवलती पाहून वाणसामान आणते, तरी खर्च वाढतच चालला आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून गेल्या उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरले. पण श्रावणापर्यंत तांदळात सोंडे झाले आणि तूरडाळीने जाळी धरली, त्यामुळे बरीच डाळ टाकून द्यावी लागली. वर्षाचे धान्य भरल्याने खरोखर बचत होते का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुमच्या सासूबाईंचे म्हणणे चुकीचे नाही, पण वर्षाचे धान्य भरण्याआधी घराचा खप माहीत असावा लागतो, आणि तुमच्या पत्रात नेमका तोच आकडा नाही. महिन्याला किती रुपये गेले हे आपण सगळ्याच जणी सांगू शकतो. गहू किती किलो लागला, तेल किती लागले, हे मात्र थोड्याच जणींना सांगता येते. रुपयांचा आकडा भावाबरोबर बदलतो, म्हणून त्यावरून आपण जास्त वापरले की वस्तू महाग झाली हे कळत नाही. तीन महिने एक साधी गोष्ट करा. नवे पाकीट डब्यात ओतताना त्याचे वजन आणि तारीख डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहा, आणि डबा रिकामा झाला की ती तारीखही लिहा. एवढ्यावरून घराचा खरा खप समोर येतो.

समजा, तुमच्याकडे महिन्याला १२ किलो गहू लागतो. वर्षाचा गहू १४४ किलो, म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल झाला. नवा गहू बाजारात येतो त्या मार्च-एप्रिलमध्ये एकदम घेतल्यामुळे किलोमागे ५ रुपये वाचले, तर वर्षाला ७२० रुपये वाचतील. पण त्यातला १५ किलो गहू किडला आणि त्याचा भाव किलोला ४० रुपये असला, तर ६०० रुपये तिथेच गेले. म्हणून साठवणीची सोय असेल तरच, आणि हातातल्या पैशातूनच वर्षाचे धान्य भरावे. त्यासाठी उसनवारी किंवा हप्ते केले तर व्याजातच बचत संपते.

सगळे धान्य सारखे टिकत नाही, आणि तुमची चूक बहुधा इथे झाली. गहू कडक उन्हात वाळवून पूर्ण थंड झाल्यावरच पिंपात भरावा, कारण गरम धान्य बंद केले की आत ओल धरते आणि किडीला आयते घर मिळते. तांदूळ मात्र उन्हात घालू नये, त्याचे दाणे तडकतात आणि शिजवताना कणी होते. तो सावलीत पसरून भरावा. तूरडाळीला ऊन देऊन एरंडेल तेलाचा हलका हात लावण्याची आपली जुनी रीत आजही उपयोगी आहे, पण तुमच्याकडे जागा कमी असेल तर डाळ तीन महिन्यांच्या वर भरू नका. बेसन, रवा आणि शेंगदाणे पावसाळ्यासाठी साठवून ठेवण्याच्या वस्तूच नव्हेत; दाणे आणि बेसन खवट होते, रव्यात अळ्या होतात. बाजरी वर्षाची भरली तरी पीठ आठवड्यापुरतेच दळावे, ते लवकर कडू होते. कांद्याच्या बाबतीत नाशिककरांना मी काय सांगावे, तरी नव्या पिढीसाठी लिहिते : एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा हवेशीर जागी काही महिने टिकतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या घरात आणू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोदामांसाठी असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद घरात माणसे दगावली आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात ठेवू नयेत. वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाचे कोरडे पिंप यांवर भागवावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर धान्य कमी भरावे.

सवलतींविषयी थोडे. वेष्टनावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, त्यामुळे तिच्यावर मिळणारी सूट हा स्वस्ताईचा पुरावा नव्हे. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि वेष्टनावर एकक विक्री किंमत छापणे आवश्यक झाले. ती वाचण्याची सवय लावा, पण जपून वाचा, कारण एक किलोपेक्षा लहान पाकिटावर ती ग्रॅमला आणि मोठ्या पाकिटावर किलोला दिलेली असते. अर्ध्या किलोच्या डाळीवर ०.१९ रुपये प्रति ग्रॅम असे असेल, तर ती १९० रुपये किलो पडली. सुटे धान्य आणि डाळी यांचा भावही याच हिशेबाने तपासा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. अर्थात सुटा माल निवडून घ्यावा लागतो, आणि खड्यांचे वजन धरले तर कधीकधी हा फरक उरत नाही.

शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकत्र पोते घेणे मला सर्वांत चांगले वाटते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत सदस्य कुटुंबे गट करून महिन्याच्या वाणसामानाची एकत्रित मागणी नोंदवतात, त्यामागचा विचार हाच आहे. पोते वाटून घेतले की भाव घाऊकच्या जवळचा मिळतो आणि साठवणीचा भार कोणा एकीवर पडत नाही.

प्रश्न : तेलाचा १५ लिटरचा डबा १५ किलोच्या डब्यापेक्षा स्वस्त मिळतो. तोच घ्यावा का?
— एक वाचक

उत्तर : दोन्ही डब्यांत सारखे तेल नसते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. समजा लिटरचा डबा २,२५० रुपयांना आणि किलोचा २,४०० रुपयांना आहे. पहिल्यातले तेल किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसऱ्यातले १६० रुपये, म्हणजे स्वस्त दिसणारा डबाच महाग आहे. पिशव्यांच्या बाबतीतही वजनाचा आकडा शोधून त्यावरच भाव काढावा, कारण शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत एकीत एक लिटर आणि दुसरीत त्याहून कमी तेल असू शकते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले, तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.