आधी त्याला नऊ वाजता झोपवा

पत्र : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे आणि ज्युनियर केजीत जातो. शाळा सुरू झाल्यापासून त्याच्या डायरीत बाईंचा एकच शेरा येतो : लक्ष देत नाही. चित्र रंगवायला दिले तर अर्धवट टाकून उठतो, गोष्ट चालू असताना शेजारच्या मुलाच्या खोड्या काढतो, एकच सूचना त्याला तीन-तीनदा द्यावी लागते. मागच्या पालकसभेत बाईंनी मला बाजूला घेऊन समुपदेशकांना भेटण्यास सुचवले. तेव्हापासून मी एडीएचडीविषयी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराविषयी, मिळेल ते वाचते आहे आणि वाचलेले प्रत्येक लक्षण मला त्याच्यात दिसते आहे. सासूबाई म्हणतात, मुलगा हट्टी आहे, चार धपाटे दिले की सुधारेल. शेजारणीच्या सांगण्यावरून मी स्मरणशक्तीचे सिरप सुरू केले आणि संध्याकाळी सात ते आठ अबॅकसच्या वर्गाला त्याचे नाव घातले. मोबाइल दिवसाला अर्ध्या तासावर आणला, तरी फरक नाही. दिवाळीत आम्ही माझ्या माहेरी, पाटण तालुक्यात, दोन आठवडे होतो. तिथे साडेआठलाच निजानीज होते, त्यामुळे मला करमत नाही. हा मात्र आजोबांजवळ तासभर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचा. म्हणजे मनात आणले तर तो बसू शकतो, मग शाळेतच असे का वागतो? घरी तसा काही त्रास नाही. त्याचे बाबा अंधेरीला कामाला आहेत, त्यांना घरी यायला सव्वादहा होतात. हा त्यांची वाट बघत जागा असतो आणि ते आले की वारे प्यालेल्या वासरासारखा घरभर उधळतो. बारा वाजेपर्यंत दोघांचा खेळ चालतो. तेवढाच काय तो त्यांना एकमेकांचा सहवास. सकाळी साडेसहाला त्याला उठवावे लागते, कारण सव्वासातला व्हॅन येते. व्हॅनमध्ये बसल्या बसल्या तो झोपतो आणि शाळेपाशी व्हॅनवाले काका त्याला उचलून उतरवतात. मी त्याला कोणाकडे नेऊ?

— एक आई, बदलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता, आणि तीसुद्धा घरी काही त्रास नसल्याचे सांगताना लिहिली आहे. सव्वाचार वर्षांचे मूल रात्री बारा वाजता झोपते, साडेसहाला उठवले जाते, आणि शाळेच्या दारात त्याला झोपेतून उचलून जमिनीवर उभे केले जाते. त्यानंतर थोड्याच वेळात त्याने मांडी घालून बसावे, रेषेच्या आत रंग भरावा, गोष्ट ऐकावी आणि पहिल्या हाकेला ओ द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. त्याला कोणाकडे नेऊ, असे तुम्ही विचारता. आज तरी कोणाकडेही नेऊ नका. त्याला रात्री नऊ वाजता अंथरुणावर न्या.

हिशेब मांडून पाहा. रात्रीची साडेसहा तास झोप झाली. दुपारी तो झोपतो की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. दीड तास झोपतो असे धरले आणि व्हॅनमधली डुलकीही त्यात मिळवली, तरी बेरीज साडेआठ तासांपलीकडे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक सूचना दिली, तिच्यात तीन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास चांगली झोप मिळावी, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, असे सांगितले आहे. दहा हा तिथला किमान आकडा आहे. म्हणजे तुमचा मुलगा रोज किमान दीड तास मागे पडतो आणि शुक्रवारी दुपारी बाई जेव्हा डायरीत शेरा लिहितात, तेव्हा त्याच्या डोक्यावर जवळजवळ एका अख्ख्या रात्रीची थकबाकी चढलेली असते. असा मोठा माणूस कार्यालयात आला तर आपण त्याला घरी जाऊन झोपायला सांगतो. मुलाच्या बाबतीत मात्र समुपदेशक शोधतो.

तो पेंगुळलेला दिसत नाही, उलट उधळतो, म्हणून तुमची फसगत झाली आहे आणि ती बहुतेक घरांत होते. झोप अपुरी पडली की मोठी माणसे जांभया देतात, मंदावतात. लहान मुले अनेकदा अधिक चळवळी, चिडखोर आणि उतावीळ होतात, कारण मन एका गोष्टीवर धरून ठेवणे, मध्येच आलेली लहर आवरणे, सांगितलेले लक्षात ठेवणे ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामे अपुऱ्या झोपेने विशेषत्वाने ढासळतात. चार वर्षांच्या मुलात हा भाग आधीच कच्चा असतो. रात्री साडेदहा वाजता घरभर धावणारे मूल ताजेतवाने असते, असे कृपा करून समजू नका. ते झोपेची वेळ केव्हाच ओलांडून गेलेले असते. तुम्ही लिहिता की तो बाबांची वाट बघत जागा असतो. चार वर्षांची मुले आपण होऊन इतका वेळ जागी राहत नाहीत, त्यांना जागे ठेवले जाते. दिवे चालू असतात, टीव्ही चालू असतो, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणते की आता बाबा येतीलच.

आता तुमच्या माहेराकडे वळते. तासभर शेंगा फोडत बसल्याचा प्रसंग तुम्ही त्याच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून लिहिला आहे, पण माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाचे उत्तर नेमके तिथेच आहे. शेंग उचलायची, टोकाशी अंगठ्याने दाबायची, टरफल एकीकडे आणि दाणे दुसरीकडे टाकायचे, एखादा दाणा तोंडात टाकायचा, आणि पुन्हा शेंग घ्यायची. हे काम तासभर करणाऱ्या मुलाकडे लक्ष उत्तम आहे. ते दोन आठवडे त्याला साडेआठला निजवले जात होते आणि सकाळी कोणी गदागदा हलवत नव्हते. एडीएचडीचे निदान करताना डॉक्टर लक्षणे किमान सहा महिने टिकली आहेत का, आणि घर, शाळा यांसारख्या दोन किंवा अधिक ठिकाणी दिसतात का, हे मुद्दाम पाहतात. घरी त्रास नाही आणि आजोळी तो बसतो, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यामुळे ते वाचन आता थांबवा. एडीएचडी हा खरा विकार आहे आणि ज्या मुलांना तो असतो, त्यांना मदत मिळालीच पाहिजे. पण झोप न मिळालेल्या मुलाची आणि त्या मुलाची वर्गातली वागणूक वरवर इतकी सारखी दिसते की आधी झोप भरून काढल्याशिवाय कोणतेही निदान विश्वासाचे ठरत नाही.

यापुढचे मी तुमच्या पतीसाठी लिहिते आहे, त्यांना हे वाचायला द्या. रात्रीच्या त्या खेळाला तुम्ही दोघांनी सहवास म्हटले आहे, परंतु तो वेळ मुलाच्या झोपेतून काढलेला आहे आणि त्याची भरपाई ते मूल रोज सकाळी शाळेत, बोलणी खाऊन, करते आहे. दिवसभराच्या कामानंतर आणि लोकलच्या गर्दीनंतर मुलाने गळ्यात पडावे, ही तुमची गरज आहे, आणि ती मोठ्या माणसाने आवरायची असते. तुम्ही घरी याल तेव्हा तो झोपलेला असला पाहिजे. बेल वाजवू नका, लॅचची चावी जवळ ठेवा, फोन आवाज बंद करून आत या, आणि त्याच्या खोलीतला दिवा लावू नका. तुमचा मुलाबरोबरचा वेळ आता सकाळी असेल. साडेसहाला त्याला आई उठवणार नाही, तुम्ही उठवायचे. त्याचे दात घासणे, अंघोळ, बुटांचे बंद आणि व्हॅनपर्यंत हात धरून चालणे हे सगळे तुमच्याकडे राहील. पाऊण तास होतो, तोही रोजचा, आणि त्या वेळी मूल जागे असते, बोलते, प्रश्न विचारते. यासाठी तुम्हाला स्वतःला अकराला झोपावे लागेल, तर झोपा.

ताई, तुमच्या वाट्याचे काम अधिक चिकाटीचे आहे. बारावरून एकदम नऊवर उडी मारू नका. मूल अंथरुणात तास-दीड तास तळमळेल आणि तुमचा धीर सुटेल. दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा, म्हणजे महिन्याभरात नऊ गाठता येतील. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून साडेसहाच ठेवा आणि रविवारी फार तर तासाभराची सूट द्या, कारण रविवारी दहापर्यंत झोपलेले मूल रविवारी रात्री वेळेवर झोपत नाही आणि सोमवार पुन्हा हातचा जातो. दुपारची झोप शाळेतून आल्यावर जेवण होताच घ्यावी आणि तीनच्या सुमारास त्याला उठवावे. संध्याकाळी त्याला खाली घेऊन जा आणि दमेपर्यंत धावू द्या. अबॅकसचा वर्ग बंद करा. संध्याकाळी सात ते आठ ही चार वर्षांच्या मुलाच्या जेवणाची आणि शांत होण्याची वेळ आहे, आकडेमोडीची नाही. साडेसातला त्याचे जेवण व्हावे, आठनंतर टीव्ही आणि मोबाइल घरातल्या सगळ्यांचे बंद व्हावेत, आणि मोठी ट्यूबलाइट घालवून एखादा मंद दिवा लावावा. हा दिव्यांचा आग्रह उगाच नाही. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचे, झोपेची चाहूल देणारे संप्रेरक वाढू लागते आणि प्रखर उजेडाने ते दबते. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्यावर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. त्यानंतर हातपाय धुणे, कपडे बदलणे, एक गोष्ट आणि पांघरूण, हा क्रम रोज तोच ठेवा. पहिले काही दिवस तो रडेल, बाबांचे नाव घेईल. त्याला एवढेच सांगा की सकाळी बाबा तुला उठवणार आहेत, आणि सकाळी ते खरेच उठवतील याची काळजी घ्या. तो विश्वास एकदा बसला की वाट बघण्याचे कारणच उरणार नाही.

सासूबाईंचे धपाटे आणि शेजारणीचे सिरप यांवर मी फार लिहीत नाही. पहिल्याने मूल घाबरेल, दुसऱ्याने पैसे जातील, आणि झोपेची उणीव या दोहोंपैकी कशानेही भरून निघणार नाही.

शाळेबद्दल मात्र थोडे लिहायला हवे. मुले रात्री उशिरा झोपतात आणि सकाळच्या शाळेमुळे त्यांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे मांडला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे परिपत्रक काढले. तरीही तुमच्या मुलासारख्या मुलांना सव्वासातची व्हॅन पकडावी लागते. बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रांची अडचण शाळा पुढे करतात. ती अडचण खोटी नाही, पण तिची किंमत चार वर्षांच्या मुलांनी मोजावी, हे मला मान्य नाही. पुढच्या पालकसभेत ते परिपत्रक हातात घेऊन चार पालकांसह हा विषय काढा. मात्र वेळ बदलेल या आशेवर त्याचे झोपणे पुढे ढकलू नका. बाईंना भेटून एवढेच सांगा की आम्ही घरी काही बदल करतो आहोत, सहा आठवडे त्याला पुढे, तुमच्याजवळ बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, आणि डायरीतले शेरे तेवढे दिवस थांबवा. त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले, वर्गासमोर सांगितले नाही, यावरून त्या हे ऐकतील असे मला वाटते.

एक वही घाला. रोज रात्री तो प्रत्यक्ष किती वाजता झोपला, सकाळी स्वतःहून उठला की उठवावा लागला, आणि व्हॅनमध्ये झोपला का, या तीन गोष्टी लिहा. तिसरी व्हॅनवाल्या काकांनाच विचारा, कारण त्या मुलाची सकाळ सध्या तेच सर्वांत जवळून पाहत आहेत. त्याला झोपेत तोंडाने श्वास घ्यावा लागतो का, तो रोज घोरतो का, मध्येच श्वास अडखळतो का, हेही दोन-तीन रात्री शेजारी बसून पाहा. तसे दिसले तर सहा आठवडे थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढले असतील तर मूल दहा तास अंथरुणात राहूनही नीट झोपत नाही, आणि अशा मुलांना कधी कधी ऐकूही कमी येते. तसे काही नसेल, वेळा सहा आठवडे काटेकोर पाळल्या असतील, आणि तरीही बाईंची तक्रार तशीच राहिली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खासगी तपासणी परवडणार नसेल तर जिल्हा रुग्णालयांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे चौकशी करा. कोठेही गेलात तरी ती वही बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तिची पाने त्यांच्यासमोर उघडा.